शॉकसाठी भूल : औषध बदललं म्हणजे आधीचं चुकलं का?

प्रश्न : आई ६४ वर्षांची, ब्लडप्रेशर आहे. तीव्र नैराश्यामुळे तिला ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट चालू आहे. पहिल्यांदा भुलीला प्रोपोफॉल दिलं. ‘फिट फार लवकर आटोपली’ म्हणून पुढच्या खेपेला एटोमिडेट दिलं, तर तिला उलट्या झाल्या. पहिलं औषध चुकीचं होतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. मी असते तरी सुरुवात प्रोपोफॉलनेच केली असती. शॉक दिल्यावर नाडी क्षणभर मंदावते आणि लगेच नाडी, बीपी दोन्ही उसळतात. प्रोपोफॉल ती उसळी बरीच आवरतं. पण भुलीची बहुतेक औषधं फिट दाबणारी, आणि इथे तर शॉकने मुद्दाम आणलेली फिट (आकडी) हाच उपचार! म्हणून डोस बेताचा ठेवायचा : पेशंटला काही कळता कामा नये, पण मेंदूही गप्प पडता कामा नये. अमेरिकेत यासाठी मेथोहेक्सिटल वापरतात. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही, मग थायोपेंटोन, प्रोपोफॉल, एटोमिडेट यांतूनच निवडायचं.

एटोमिडेटने फिट तोकडी होत नाही. मळमळ-उलट्या मात्र त्याच्यासोबत येतात, आणि बीपीही तितकं आवरत नाही. त्यासाठी आम्ही एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल ही बीपी उतरवणारी इंजेक्शनं भरून तयार ठेवतो. उलट्यांचं पुढच्या वेळी आधीच सांगा, उलटी थांबवणारंही इंजेक्शन देता येतं.

आता ‘लवकर आटोपली’ हे कळतं कसं? एका पायाच्या घोट्याजवळ बीपीचा पट्टा फुगवायचा, मग शिरेतून स्कोलिन द्यायचं. त्याने सगळे स्नायू ढिले पडतात, पट्ट्याखालच्या पावलात मात्र ते पोचत नाही. अंग शांत आणि तेवढं एक पाऊल थडथडत असतं; सिस्टर घड्याळाकडे बघत सेकंद मोजते. वीसच्या वर गेलं की आम्ही निश्चिंत. अर्थात सेकंदांचं फार मनावर घेऊ नका. आई जेवायला, बोलायला लागल्या का, ते बघा.

मला शंका वेगळीच आहे : रात्रीची झोपेची गोळी. क्लोनाझेपाम, लोराझेपाम फिट दाबतात, आणि घरचे ‘ती काय, साधी गोळी’ म्हणून सांगतच नाहीत. स्वतःहून बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. बीपीची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, तेही विचारून घ्या. आणि ऑपरेशननंतर नात्यातल्या कुणाचा श्वास बराच वेळ परतला नव्हता, असं कधी घडलं असेल तर आवर्जून सांगा. काही घराण्यांत स्कोलिनचा अंमल लवकर उतरत नाही; मग त्याचा फेरविचार करावा लागेल.