'दो-ख्यी' म्हणजे दारावरचा कुत्रा?

प्रश्न असा आलाय की तिबेटी मॅस्टिफचं तिकडचं नाव 'दो-ख्यी', त्याचा अर्थ 'दारावरचा कुत्रा' असा नेटवर देतात तो बरोबर आहे का, आणि याला 'प्राचीन जात' म्हणावं का.

'ख्यी' म्हणजे कुत्रा, तिथे वाद नाही. पण दाराला तिबेटीत 'गो' म्हणतात, 'दो' नव्हे. हा 'दो' बांधणे या क्रियापदातला आहे, लिहिताना त्याच्या शेवटी ग आणि स असतात, बोलताना ते गळतात. म्हणजे दो-ख्यी = बांधून ठेवायचा कुत्रा. आणि वापरही तसाच, दिवसभर तंबूपाशी नाहीतर घराच्या दाराशी बांधायचा, रात्री मोकळा सोडायचा, मग परक्या माणसाची तिकडे फिरकायची टाप नाही. गळ्यात याकच्या केसांचा लाल रंगवलेला झुपकेदार पट्टा, म्हणजे आधीच दांडगा गडी अजून दांडगा दिसतो. याक-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या द्रोकपांच्या कुत्र्याला 'द्रोक-ख्यी' म्हणतात, त्या नावाची आणि याची उगाच सरमिसळ होते.

मॅस्टिफ हे इंग्रजांनी चिकटवलेलं. 1847 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने व्हिक्टोरिया राणीला एक पाठवला तेव्हा तो नुसता 'तिबेटातला मोठा कुत्रा' होता, 1873 ला इंग्लंडात कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला, नोंदवह्या आल्या आणि मग हे नाव पक्कं झालं. त्यात मॅस्टिफचं मूळ लॅटिन 'मान्सुएतुस', अर्थ माणसाळलेला! रात्री याच्यासमोर गेलेल्याला विचारा.

आता 'प्राचीन'. तिबेटात गाढवाएवढे कुत्रे असतात हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी सांगून ठेवलंय, (गाढवाएवढे जरा जास्तच झालं), तेव्हा राखणीचा कुत्रा जुना आहेच. पण वंशावळ ठेवून, ठरलेल्या मापात बसवलेली 'जात' ही एकोणिसाव्या शतकातली भानगड, म्हणून 'पाच हजार वर्षं जुनी शुद्ध जात' दिसलं की समजायचं कोणीतरी पिल्लू विकतोय. चीनमध्ये याचं एवढं खूळ होतं की 2014 ला हांगचौमध्ये एक पिल्लू 1 कोटी 20 लाख युआनला गेल्याची बातमी होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी हनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयाने असाच एक तिबेटी मॅस्टिफ सिंह म्हणून पिंजऱ्यात ठेवला, तो भुंकला तेव्हा पितळ उघडं पडलं.

मराठीत 'भोटिया' लिहू का, असंही विचारलंय. भोट म्हणजे तिबेट, नेपाळीत 'भोटे कुकुर' आहेच, पण उत्तराखंडात मेंढ्या राखणाऱ्या सगळ्याच झुपकेदार पहाडी कुत्र्यांना भोटिया म्हणतात. त्यामुळे नेमका हाच सांगायचा असेल तर सरळ तिबेटी मॅस्टिफ लिहा.