सॉल्ट सेलरमधलं 'सेलर' म्हणजे तळघर नव्हे

'सॉल्ट सेलर म्हणजे मिठाचं तळघर का?' असं जुन्या सेलरच्या संग्रहात नवे आलेले विचारतात. अहो, मिठाचं तळघर नाही ते, टेबलावरची मीठदाणी :) सुरुवातीला सगळेच इथे घसरतात, मीपण घसरलोय. जुन्या फ्रेंचमध्ये मीठदाणीला 'सालिएर' म्हणायचे, मूळ लॅटिन 'साल' म्हणजे मीठ, तो शब्द इंग्रजीत 'सेलर' म्हणून आला, मग त्यातलं मीठ लोक विसरले आणि पुढे परत 'सॉल्ट' जोडलं, म्हणजे आपला पिवळा पीतांबरच! तळघरवाल्या सेलरचं स्पेलिंग नंतर चिकटलं, ते लॅटिन 'सेला' म्हणजे खोली, त्या घराण्यातलं. आपण देवनागरीत लिहितो तेव्हा तर विकणारा सेलरपण तोच दिसतो, त्यामुळे अजून घोळ.

आत्ता एवढंच सांभाळा:

- स्पेलिंग बघून अर्थ ठरवू नका, जुनं रूप शोधा.
- सेलर आणि शेकर (भोकांच्या झाकणाची, हलवून मीठ भुरभुरायची मीठदाणी) एक समजू नका. सेलर उघडा असतो, चिमटीने किंवा छोट्या चमच्याने मीठ घ्यायचा, आपल्या मिठाच्या सटासारखा पण टेबलावरचा. शेकरला न चिकटणारं मीठ लागतं, ते अमेरिकेत 1911 च्या सुमारास मॉर्टन कंपनीने आणलं मग शेकर जोरात चालले.
- चांदीचा घेतलात तर रात्रभर मीठ ठेवू नका प्लीज. माझ्या पहिल्या सेलरला तळाशी काळे खड्डे पडले, पॉलिशने गेले नाहीत. त्यासाठीच आत निळ्या काचेची वाटी असते, ती हरवलेला पीस स्वस्त मिळतो आणि नवखे तोच उचलतात.

हॉलमार्क वगैरे नंतर. आधी इटालियन सोनार-शिल्पकार चेल्लिनीने केलेल्या, आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात असलेल्या सोन्याच्या सेलरचे फोटो बघा, 1543 चा आहे, मीठ कुठे ठेवायचं ते शोधावं लागतं.