रातराणी आणि पारिजातक : एकाला दुसरं समजू नका

पावसाळा लागला की रोपवाटिकांत गर्दी होते आणि माझ्याकडे रातराणीबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदाचे बरेचसे प्रश्न एकाच गोंधळातून आलेले दिसले, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. झाड ओळखून देणं माझं काम, उपचार डॉक्टरांचे.

प्रश्न : गॅलरीत कुंडीत रातराणी आहे. दोन वर्षं झाली, पानं भरपूर, फूल एकही नाही.

ऊन कमी पडतंय. रोज चार-पाच तास थेट ऊन येईल तिथे कुंडी हलवा आणि नत्राचं खत थांबवा.

प्रश्न : रातराणीच्या वासाने साप येतात म्हणून सासूबाई झाड उपटायला सांगत आहेत. खरं आहे का?

वासावर साप येत नाही. साप बेडूक, पाल, उंदराच्या मागे येतो आणि अडगळीत दडतो. रातराणीच्या फांद्या लवून जमिनीला टेकतात, खाली पालापाचोळा साठतो, फुलांवर रात्री पतंग येतात, पतंगांमागे पाली-बेडूक. दडायला जागा आणि खायला भक्ष्य, दोन्ही तिथे मिळतं. बुंध्यापासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या फांद्या काढा, खालची जमीन झाडून मोकळी ठेवा आणि रात्री तिथे बॅटरीशिवाय जाऊ नका. सासूबाईंची काळजी खरी आहे, फक्त दोष वासाचा नाही.

प्रश्न : गुडघेदुखीवर रातराणीच्या पानांचा काढा रोज सकाळी घ्यावा, असा मेसेज आला आहे. आमच्या दारातच झाड आहे. किती पानं घ्यावीत?

एकही नाही. घ्यायला सुरुवात केली असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

हा प्रश्न मला दर वर्षी येतो आणि दर वर्षी धसका बसतो. सांधेदुखीला किंवा कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला आपल्याकडे ज्या पानांचा काढा देतात, ती पारिजातकाची. इंग्रजीत पारिजातकाला म्हणतात ‘नाइट जास्मिन’ आणि रातराणीला ‘नाइट ब्लूमिंग जास्मिन’. कुणीतरी मोबाइलवर इंग्रजी मजकुराचं मराठी करतं, ‘नाइट’ दिसलं की ‘रातराणी’ लिहून मोकळं होतं, आणि तो मेसेज शंभर घरांत जातो. दोन्ही झाडांना शास्त्रीय नावं स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली एकाच ग्रंथात दिली, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. पारिजातक जाई-जुईच्या कुळातला. रातराणी वांगं, बटाटा, तंबाखू आणि धोतऱ्याच्या कुळातली, आणि तिच्या पानाफळांत विषारी द्रव्यं असतात. मळमळ, उलट्या, पोटात कळा इथपासून तोंड कोरडं पडणं, बुबुळं मोठी होणं, छातीत धडधड, भ्रम इथपर्यंत लक्षणं जाऊ शकतात. उकळलं की विष मरतं, असं धरून चालू नका. काढा करणं म्हणजे पानातलं पाण्यात उतरवणंच.

‘आयुर्वेदिक रातराणी’ म्हणून पावडरी विकणाऱ्यांचा तर मला संताप येतो. रातराणी मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडची. चरक-सुश्रुतांच्या काळी ती या देशात नव्हतीच, मग त्यांच्या नावावर ती खपवता कशी? पाकिटातली पूड कुठल्या पानाची, हे डोळ्यांनी कुणालाही ओळखता येत नाही. ती घेऊच नका.

झाड मात्र ओळखता येतं आणि त्याला पुस्तक लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एक काकू पिशवीत डहाळी घालून माझ्याकडे आल्या. दोन दिवस काढा घेतला होता, मळमळत होतं, पोटात मुरडा येत होता. मी एक पान त्यांच्या हातात दिलं आणि अंगठ्याने चोळायला सांगितलं. गुळगुळीत, किंचित चकाकणारं, लांबट. मग अंगणातल्या पारिजातकाचं पान दिलं. त्यावरून बोट फिरवताच त्या म्हणाल्या, “हे तर पॉलिश पेपरसारखं आहे.” तेच. पारिजातकाचं पान खरखरीत असतं, पानं समोरासमोर जोडीने येतात आणि कोवळी फांदी बोटांना चौकोनी लागते. रातराणीची पानं एकाआड एक. पारिजातकाचं फूल पांढरं, केशरी देठाचं आणि पहाटे सडा पडणारं. रातराणीचं हिरवट पांढरं, बारीक नळीसारखं. पारिजातकाचं फळ चपटं, रुपयाच्या नाण्यासारखं. रातराणीचं पांढरं, मोत्यासारखं. काकूंना मी तिथूनच, डहाळीसकट, डॉक्टरांकडे पाठवलं.

आणि पारिजातकाचा काढासुद्धा मेसेज वाचून घेऊ नका. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर नाहीच. आधी वैद्यांना विचारा.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाने रातराणीची पांढरी फळं तोंडात घातली. थुंकली असं वाटतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. आता खेळतो आहे. लक्ष ठेवावं का?

हे पत्र माझ्या हातात पडेपर्यंत चार दिवस गेले होते. असे प्रश्न पत्राने विचारायचे नसतात! ‘थुंकली असं वाटतं’ यावर थांबू नका. लक्षणं काही तासांनी सुरू होऊ शकतात, मूल खेळतंय म्हणजे सुटलं असं नाही. मिठाचं पाणी तर कधीच पाजू नका. लहान मुलाच्या रक्तातलं मीठ त्याने धोकादायक वाढू शकतं आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, तूप, लिंबूपाणी काही नको. तोंडातलं बोटाने हलकेच काढा, चूळ भरायला लावा, फळांसकट फांदी तोडून पिशवीत घाला आणि थेट दवाखाना गाठा. मूल गुंगीत असेल किंवा बरळत असेल तर 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, 1800 116 117. तुमच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल. नातवाला अजून दाखवलं नसेल तर आज दाखवा.

प्रश्न : डास पळवणारी म्हणून नर्सरीवाल्याने साडेतीनशेला रातराणी दिली. डास तसेच आहेत.

तसेच राहणार. तिच्या पानांचा अर्क काढून डासांच्या अळ्यांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या आहेत, पण कुंडीतलं उभं झाड डास पळवत नाही. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओता, फरक पडेल.

प्रश्न : छाटलेल्या फांद्या शेजारच्या शेळ्यांना घातल्या तर चालेल का?

नाही. रातराणीच्या भावकीत ‘दिन का राजा’ नावाचं काळ्या फळांचं झुडूप आहे, कुंपणाला लावतात. त्याच्या पानांत ड जीवनसत्त्वासारखं काम करणारं द्रव्य असतं. गुरांनी ते खात राहिलं तर रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, जनावर खंगतं, लंगडतं. दोन्हींची छाटणी पुरून टाका. एखाद्या जनावराने आधीच खाल्ली असेल तर पशुवैद्यांना बोलवा.

प्रश्न : बेडरूमच्या खिडकीखाली रातराणी आहे. मला दमा आहे, रात्री डोकं जड होतं.

नुसत्या वासाने विषबाधा होत नाही, पण उग्र वासाने दमा उसळू शकतो. झाड दूर हलवा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : फुलं देवाला वाहिली तर चालतात का?

वाहा. प्रसादाच्या ताटापासून लांब ठेवा.