घर बघायला आषाढात या

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, वय ६१. बायकोचं माहेर म्हापशाचं, मुलगी बंगळूरला नोकरीला. गेल्या डिसेंबरात आठ दिवस पणजीत राहिलो. वीस वर्षांपूर्वी पाहिलेली मरगळलेली पणजी ती नव्हेच! नदीच्या कडेनं चालायला जागा, मळा या जुन्या वस्तीतली रंगवलेली घरं, पुन्हा उघडलेली कला अकादमी, विजेवरच्या बसगाड्या. पुण्यातला फ्लॅट विकून इथंच यावं असं मनानं घेतलंय. दोन जागा बघून ठेवल्यात. सांतिनेजला तळमजल्यावरचा फ्लॅट (बायकोचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला) आणि मळ्यात एका जुन्या घराचा अर्धा भाग. यावं का? आणि यातलं कुठलं घ्यावं?
वि. ना., पुणे

उत्तर : ‘यावं का’ याच्याकडे येते मागाहून. आधी तळमजल्याचं बोलू, कारण तो शब्द वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला.

मी १९८१ साली साखळीहून लग्न होऊन मळ्यात आले. भाड्याचं घर, तळमजला, पुढं पडवी. तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी भात उकडत ठेवला होता. बाहेर पाऊस धो धो, पण रस्त्यावर पाणी घोट्याच्याही खालीच. दारात फळी लावून, फटीत जुनी लुगडी कोंबून मी निर्धास्त. न्हाणीत गेले तर मोरीतून एक झुरळ वर आलं. मग दुसरं. मग वीसेक एकदम, जीव घेऊन पळत सुटल्यासारखी. त्यांच्यामागून काळं पाणी. दारातून थेंब आत आला नाही, सगळं मोरीतून वर आलं. तासाभरात पेटी खाटेवर, पेटीवर गाद्या, गाद्यांवर मी. शेजारच्या आजी खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, “भरती आसा गो. सुकती लागली की वतलें.” आणि खरंच, ओहोटी लागल्यावर आलं तसं ते गेलं. वास मात्र दिवाळीपर्यंत राहिला.

तुम्ही सिंहगड रस्त्याला राहता, म्हणजे जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं ते जवळून पाहिलं असेल. ते धरणातून सोडलेलं पाणी. पणजीची गोष्ट निराळी. इथली गटारं खाडीत आणि नदीत उतरतात, आणि मांडवी इथं समुद्राला इतकी जवळ आहे की दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. नदी चढलेली असताना गटाराचं तोंड पाण्याखाली जातं. त्याच वेळी वरून मोठी सर आली तर ते पाणी जायचं कुठं? थांबतं, नाहीतर उलटं फिरतं. म्हणून १८ जून मार्गावर कधी एका सरीत गुडघाभर पाणी होतं आणि कधी त्याहून मोठा पाऊस पडूनही रस्ता मोकळा. गटार उपसलं की सगळं मिटेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उपसायला हवंच, पण भरतीला कोण उपसणार?

आमच्याकडं जुनी माणसं भरतीचा हिशेब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण, सव्वाअकरा. उधाणही त्याच दिवसांतलं. अदमासच तो, पण पावसाळ्यात बाजाराला कधी निघायचं ते मी अजून त्यावरच ठरवते. कालनिर्णय स्वयंपाकघरात टांगलेलं असतं ते केवळ एकादशीसाठी नव्हे.

खालच्या अंगाची पणजी ही पुष्कळशी भर टाकलेली जमीन आहे. साथींनी जुनं गोवं ओस पडत गेलं, व्हाइसरॉय १७५९ साली इथल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. मधल्या काळात मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु नावाच्या गव्हर्नरानं वाळूचे ढीग सपाट करून, दलदल बुजवून रस्ते आखले. तुम्ही पाहिलेत ते सरळसोट रस्ते त्यांतलेच.

तेव्हा सांतिनेजचा तळमजला सोडा. तिथली खाडी ताळगावातल्या नागाळीकडून येते आणि कांपालला मांडवीला मिळते. तिच्या काठचं काम काढलंय, ते होईल तेव्हा होवो. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यापेक्षा लिफ्टची इमारत बघा आणि वीज गेली की लिफ्ट चालते का, ते बिल्डरला न विचारता वॉचमनला विचारा.

मळ्यातल्या अर्ध्या घराचा मोह मला कळतो. लाकडी जिना, शिंपल्यांच्या खिडक्या, मागं आल्तिन्होची टेकडी. पण ते अर्धं घर नेमकं कुणाचं, हे आधी शोधा. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे भाऊ विकतोय म्हणून भावाची सही पुरत नाही, वहिनीचीही लागते, बहिणींची लागते, मेव्हण्यांचीही लागते. वाटणीसाठी इन्व्हेंटरी नावाची कोर्टातली प्रक्रिया असते, ती झालीये का ते बघा. माझ्या एका मैत्रिणीनं असंच घर ठरवलं. विकणारे भाऊ दोन, सह्या निघाल्या अकरा, त्यातल्या तीन लिस्बनला. चौथ्या वर्षी तिनं नाद सोडला. शहरात सर्व्हेचा कागद ‘फॉर्म डी’चा असतो, त्यावर चलता नंबर आणि पी. टी. शीटचा नंबर. तो काढून इथल्याच वकिलाला दाखवा, पुण्यातल्या मित्राला नको. मित्र कितीही हुशार असला तरी ‘चलता नंबर’ म्हटल्यावर तो मोबाइलच काढील.

आणि मळ्यात, फोंताइन्हासला राहायचं तर फोटोवाले आलेच. सकाळी केर काढायला दार उघडावं तर पायरीवर नवरी बसलेली असते आणि फोटोग्राफर तुम्हालाच म्हणतो, “आंटी, थोडा साइड में.” पहिल्या वर्षी हसू येतं.

आता तुमची डिसेंबरातली पणजी. ती खोटी नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या यादीत नाव आलं आणि पुढं काही वर्षं सगळं शहर खणून ठेवलेलं होतं. आमच्या गल्लीत ज्यांनी चर खणला त्यांनी तो तीनदा बुजवला आणि तीनदा पुन्हा खणला. तिसऱ्यांदा आमचा टेलिफोन गेला तो गेलाच. धुळीनं खोकून खोकून मी सहा महिने पर्वरीला मुलाकडं जाऊन राहिले. पण परत आले ना! फूटपाथ नावाची वस्तू आधी बऱ्याच रस्त्यांवर नव्हतीच, आता पाय मोकळे करता येतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की नदीकाठ सजतो तो संध्याकाळी येणाऱ्यांसाठी. कॅसिनोच्या बोटी मांडवीत उभ्या आहेत, त्यांचे दिवे पाण्यात छान दिसतात, आणि शनिवारी रात्री बांदोडकर मार्गावर गाडी लावायला जागा मिळत नाही. दोन्ही एकाच बोटींमुळं. सांगणारे तुम्हाला त्यातलं एकच सांगतील.

कुठलीही इमारत पसंत पडली तर रात्री आठला खाली उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजा. आमच्या मागच्या इमारतीत सोळा फ्लॅट आहेत आणि दिवे पाचात. बाकीचे मालक डिसेंबरात येतात, तुम्ही आलात तसेच. ओस इमारतीत पाण्याची टाकी धुवायला वर्गणी कोण काढणार, आणि पाय घसरून पडलं तर हाक कुणाला मारणार?

पाण्यावरून आठवलं. आमचं पाणी खांडेपारच्या नदीवरून, ओपाहून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली मोठी जलवाहिनी फुटली आणि शहरात कित्येक दिवस नळाला थेंब नव्हता. चहूकडं पाणी आणि तोंड धुवायला नाही! शेजारच्या परसातल्या विहिरीवरचे पत्रे काढले, रहाट शोधला, आणि आम्ही सगळ्या साठीच्या बायका कळशा घेऊन रांगेत. ती विहीर अजून उघडी ठेवलीये. घर बघताना आवारात विहीर असली तर तिला नाक मुरडू नका.

हवेचं थोडक्यात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्याच्या चौपट. चामड्याचे जोडे, पुस्तकं, पोथ्या आणि साबुदाण्याचे पापड यांना बुरशी येणार. कपाटात दिवा लावून ठेवावा लागतो. बायकोच्या पैठण्या मुलीकडं बंगळूरला ठेवा, हे मी मस्करीत म्हणत नाही.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग ही बाई तिथं का राहते?

राहते, कारण मला बाजार, बँक, देऊळ, डॉक्टर सगळं पायी मिळतं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत चाळीसेक हजार माणसं होती. तुमच्या एका उपनगराएवढं शहर, आणि राजधानी असल्यानं त्याला थोरामोठ्यांचा सगळा सरंजाम. पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ सालचं आहे. तिथं वरच्या मजल्यावर एसीत बसून मराठी मासिकं चाळायला मिळतात आणि कुणी उठ म्हणत नाही. मोठा आजार निघाला तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, गाडीनं पाव तासावर. कला अकादमीत केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोह असतो, नाट्यस्पर्धा असते, आणि नाटक पडलं तर ते पडलं असं तोंडावर सांगणारा प्रेक्षक इथं अजून शिल्लक आहे. मुलीला भेटायला विमानं दोन-दोन ठिकाणांहून, दाबोळी आणि मोपा. संध्याकाळी करमेनासं झालं तर मी फेरीबोटीनं बेतीला जाते आणि त्याच बोटीनं परत येते. पायी माणसाला तिकीट नाही. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पर्वरीच्या शाळेत शिकवत होते. त्यानंतर कित्येक महिने ह्याच फेरीबोटीच्या रांगेत भिजत उभी राहून मी वह्या तपासल्या. तेव्हा शिव्या दिलेल्या बोटीत आता हौसेनं बसते.

भाषेचं वहिनींना सांगायला नको. बाजारात कोकणी, पेपर मराठी, देवळातली आरती मराठी, भांडण ज्याच्या त्याच्या सोयीनं. तुमचं मराठी सगळ्यांना कळेल. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामात जागा, यावर इथं आजही चहा थंड होईपर्यंत वाद होतात. आल्याआल्या त्यात पडू नका. पहिलं वर्ष ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणतील. नुस्तेवालीनं, म्हणजे मासळीवालीनं, एकदा स्वतःहून “हें व्हरूं नाका, कालचें” (हे नेऊ नका, कालचं आहे) असं सांगितलं, की समजा तुम्ही आत आलात.

तर माझं म्हणणं असं. पुण्यातला फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. इथं अकरा महिन्यांच्या करारावर वरच्या मजल्यावरचं घर भाड्यानं घ्या. भाटले बघा, मळ्याची टेकडीकडची बाजू बघा. आल्तिन्हो उंचावर आहे, हवा उत्तम, पण चढ गुडघ्यांना जाचेल. आणि राहायला डिसेंबरात येऊ नका, मे संपता संपता या. आषाढातली अमावास्या इथं काढा. त्या दिवशी अकराच्या सुमाराला छत्री घेऊन, तुम्ही बघून ठेवलेल्या दोन्ही जागांसमोर जाऊन उभे राहा. मग मला पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : मी सावंतवाडीची, वय २४. पाटोवरच्या एका ऑफिसात नोकरी लागलीये. रोज बसनं जाऊन येऊन करू की पणजीत खोली घेऊ? घरचे म्हणतात, पणजी महाग.
एक वाचक

उत्तर : रोजचं जाणं-येणं सोड, बाई. पावसाळ्यात रोजचे चार तास रस्त्यातच जातील आणि सहा महिन्यांत नोकरीचाच कंटाळा येईल. घरचे म्हणतात ते खरं आहे, पणजीत खोली महाग आणि तुला लागते त्याहून जास्तच महाग. रायबंदरला किंवा बेती-पर्वरीला दोघीतिघींत मिळून घे. बेतीला राहिलीस तर फेरीबोटीनं नदी ओलांड, पलीकडून पाटोपर्यंत चालत जा. स्कूटर घ्यायची घाई करू नको. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, आणि पाटोवर ती लावायला जागा शोधण्यात तुझी हजेरी चुकेल. उशीर झालाच तर काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवाला पायलट गाठ, पण बसायच्या आधी भाडं ठरव.