शिकारीची रायफल विमानाच्या चेक-इन सामानात नेता येते का? (सातारा ते जयपूर)

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही कोरेगाव तालुक्यातले. आजोबांची .३१५ बोअरची शिकारी रायफल वडिलांच्या पश्चात रीतसर तुमच्या नावावर झाली आहे. आता बदली जयपूरला झालीय आणि पुण्याहून विमानाने जाताना ती चेक-इनच्या सामानात देता येईल का, की विमानतळावरच पोलीस बसवून ठेवतील, ही धास्ती आहे.

नेता येते, आणि कागद चोख असतील तर कुणी बसवून ठेवत नाही. मी सांगलीचा, .२२ रायफलने नेमबाजी करतो. भोपाळ, दिल्ली अशा ठिकाणच्या स्पर्धांना जाताना रायफल विमानाच्या पोटातूनच येते. आपल्या शेजारच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं तेव्हापासून आमच्याकडे रेंजवर पोरांची गर्दी वाढलीय. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न जवळजवळ तुमचाच असतो. त्यांना सांगतो तेच तुम्हाला सांगतो: विमानतळावर बंदूक नडत नाही. नडतो तो परवान्यावरचा एक रकाना, आणि नडतं ते खिशात राहिलेलं काडतूस.

आधी रकाना. परवाना उघडा आणि तो कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे ते वाचा. तिथे सातारा जिल्हा, महाराष्ट्र राज्य किंवा संपूर्ण भारत यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल. आपल्याकडचे वारसाने आलेले जुने परवाने बहुतेक जिल्ह्यापुरते नाहीतर राज्यापुरते असतात, कारण आजोबांनी तो पीकसंरक्षणाच्या किंवा स्वसंरक्षणाच्या नावाखाली काढलेला असतो आणि त्यांना साताऱ्याबाहेर बंदूक न्यायचीच नव्हती. तुमच्या परवान्यावर ‘संपूर्ण भारत’ नसेल, तर रायफल जयपूरला नेता येणार नाही. विमानानेच नाही असं नव्हे, कशानेच नाही. पुष्कळांना वाटतं की विमानात कटकट असेल तर गोवा एक्स्प्रेसला साताऱ्यात चढावं आणि दिल्लीमार्गे जावं, आगगाडीत कोण बघतंय! पण १९५९च्या शस्त्र कायद्याला तुम्ही कशात बसलाय याच्याशी देणंघेणं नाही. राज्याची हद्द ओलांडली की क्षेत्राबाहेर शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागू शकतो, आणि रेल्वेत ते बिनकुलपाचं तुमच्या बाकाखाली असणार, हा धोका वेगळाच.

क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज तुमचा परवाना जिथून निघाला तिथूनच सुरू होतो, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावरून. बदलीचा आदेश सोबत जोडा, तो भक्कम कारण ठरतो. पोलीस अहवाल मागवला जातो, त्यात वेळ जातो. म्हणून विमानाचं तिकीट या कागदाच्या नंतर काढा. जयपूरला पोहोचल्यावर मुक्काम तीस दिवसांच्या पुढे जाणार असल्याने तिथल्या परवाना अधिकाऱ्यालाही मुदतीत कळवावं लागतं. जयपूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तिथे जिल्हाधिकाऱ्यांकडे न जाता आयुक्तांकडे जा.

परवान्यावरचा रायफलचा नंबर आणि रायफलवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का, तेही घरीच बघा. काउंटरवर हेच ताडून पाहतात. आजोबांच्या काळच्या रायफलवर तेलाचा आणि धुळीचा काळा थर बसलेला असतो, त्यात ३ आणि ८ सारखेच दिसतात. चिंधीने पुसा, जुन्या दातांच्या ब्रशने कोपरे साफ करा, उजेडात धरून वाचा. वारस नोंदीच्या वेळी कारकुनाने एखादा आकडा इकडचा तिकडे केलेला असेल तर तो साताऱ्यातच दुरुस्त होईल. लोहगावच्या, म्हणजे पुणे विमानतळाच्या, काउंटरवर होणार नाही. परवान्याची मुदत आणि त्यावरचा यूआयएन (देशभरच्या परवाना नोंदीतला ओळख क्रमांक) हाही याच बैठकीत पाहून घ्या.

आता विमान कंपनी. तिकीट काढण्याआधी त्यांच्या हेल्पलाइनवर विचारा की या मार्गावर परवानाधारक शस्त्र घेता का, आणि शुल्क किती. शस्त्र स्वीकारायचं की नाही हे कंपनीच्या संमतीवर असतं, शुल्कही कंपनीगणिक बदलतं. शक्यतो पुण्याहून थेट विमान घ्या. कोल्हापूरहून मुंबई आणि तिथून दुसऱ्या कंपनीचं विमान असं केलंत तर मुंबईत पेटी ताब्यात घेऊन सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल. शिवाय कोल्हापूरहून जाणारी विमानं छोटी, लांब पेटीला जागा मिळेलच असं नाही.

पेटी कडक कवचाची, आत फोम असलेली, दोन कुलुपांची घ्या. कापडी गवसणी चालवून घेऊ नका, कारण सामान हाताळताना पेट्या आदळतात आणि जुन्या लाकडी दस्त्याला मानेपाशी तडा जातो. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून चिंधीत गुंडाळून त्याच पेटीत ठेवा. मॅगझिन काढता येत असेल तर तेही वेगळं काढा. नळीतून एकदा आरपार उजेड बघा. नळी साफ करायचं सॉल्व्हंट, थिनर, रॉकेलची बाटली पेटीत राहू देऊ नका, ज्वालाग्राही पदार्थ सामानात चालत नाहीत. नळीला हलका तेलाचा हात फिरवलेला पुरतो. आणि विमानतळावर प्लास्टिक गुंडाळून देणारे असतात त्यांच्याकडे पेटी देऊ नका, ती काउंटरवर उघडायचीच आहे.

काउंटरवर काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण भीती तिथेच असते. मोबाइलवर चेक-इन केलं असलं तरी काउंटरवर जावंच लागतं. निदान तीन तास आधी पोहोचा. रांगेत आपला नंबर आला की आधी परवाना आणि ओळखपत्र पुढे करा आणि शांतपणे म्हणा, “माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, डिक्लेअर करायचंय.” बॅगेत बंदूक आहे असं मोठ्याने बोलून मागच्या रांगेची झोप उडवू नका. मग कंपनीचा सुरक्षा कर्मचारी येतो, बाजूला नेतो. तो सांगेल तेव्हाच पेटी उघडायची. त्याने खूण केल्यावर रायफल हातात घ्यायची, नळीचं तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे, माणसाकडे कधीच नाही, आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याचं दाखवायचं. बोल्ट आधीच काढलेला असला की त्याला मागूनच नळीतला उजेड दिसतो आणि काम चटकन होतं. तो परवान्यावरचा नंबर रायफलवर बोट ठेवून वाचतो, मनातल्या मनात ओठ हलवत. मग घोषणापत्रावर सही, पेटी बंद, कुलूप तुमच्यासमोर, किल्ली तुमच्या खिशात. पेटी नेहमीच्या पट्ट्यावरून न जाता बहुतेकदा माणसाच्या हाताने आत जाते. लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा या सगळ्याचे फोटो काढायचा मोह टाळा.

काडतुसांबद्दल माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही ती नेऊच नका. घरी शिल्लक असतील तर निघण्याआधी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि जयपूरला गरज पडली तर तिथे परवान्यावर घ्या. न्यायचीच असतील तर आंतरराष्ट्रीय नियमाने माणशी ५ किलोपर्यंत, तेही वेष्टनासकट वजन धरून, कारखान्याच्या मूळ खोक्यात, रायफलपासून वेगळी आणि फक्त चेक-इनमध्ये. दोघांची मर्यादा एकत्र करून एका बॅगेत १० किलो चालत नाही. विमान कंपनीची मर्यादा याहून कमी असू शकते. .२२वाल्यांना ५ किलो भरपूर होतात, ५० गोळ्यांचं खोकं पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. बारा बोअरवाल्यांची मात्र पंचाईत होते. २५ काडतुसांचं खोकं किलोभर, म्हणजे जेमतेम सव्वाशे काडतुसं, आणि ट्रॅपची (उडत्या तबकड्या टिपण्याच्या स्पर्धेची) पात्रता फेरीच १२५ तबकड्यांची.

पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: ठासणीच्या बंदुकीची दारू विमानात अजिबात नेता येत नाही, चेक-इनमध्येही नाही. आणि १० मीटर एअर रायफलवाल्या मुलांनी सिलिंडरमधली हवा पूर्ण सोडून, काटा शून्यावर आणून, तो रायफलपासून काढून ठेवावा. २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर कुणी घेणार नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आपल्या देशात विमानतळावर शस्त्र कायद्याखाली जे लोक अडकतात, त्यांतल्या अनेकांकडे बंदूक नसतेच. हँडबॅगच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस असतं. आमच्या रेंजवरच्या एका मुलाची रायफल व्यवस्थित आत गेली, कागद चोख, आणि सुरक्षा तपासणीत त्याच्या पाठीवरच्या सॅकच्या अस्तरात .२२ची एक गोळी निघाली. शिवण उसवून आत घरंगळलेली. एक्स-रेच्या पडद्यावर ती नखाएवढी पण ठसठशीत दिसते. तपासणी थांबली, विमान गेलं, स्पर्धा गेली, आणि वडिलांना दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात हेलपाटे घालावे लागले. परवाना असल्याने त्याचं निभावलं. ज्यांच्याकडे परवानाच नसतो, वडिलांची बॅग उचलून निघालेले असतात, त्यांच्यावर थेट गुन्हा नोंदवला जातो. वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीवच नसेल तर तो कायद्याने ताबा ठरत नाही, असं न्यायालयं सांगत आली आहेत आणि असे कितीतरी गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केलेत. पण तिथवर पोहोचायला वकील, पैसा आणि वर्षं लागतात.

म्हणून शेतावर, रानात वापरलेली कुठलीच बॅग, जॅकेट किंवा हॅवरसॅक विमानात हातात घेऊ नका. तुमच्या घरात रायफल तीन पिढ्या आहे, म्हणजे काडतूस कुठल्या कोटाच्या खिशात असेल सांगता येत नाही. नवी किंवा फक्त प्रवासाची बॅग वापरा, उलटी करून झटका, अस्तर बोटांनी चाचपा. बायकोमुलांच्या बॅगाही. रिकामी पुंगळीसुद्धा शोभेची म्हणून किल्लीच्या जुडग्यात राहू देऊ नका, तिच्यावरूनही चौकशी सुरू होते.

तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ पाहून विचारलंय की काडतुसांचं खोकं रायफलच्याच पेटीत का नको. तिथे कडक कुलूपबंद पेटी, रिकामी रायफल आणि काउंटरवर घोषणा एवढ्यावर भागतं, खोकंबंद काडतुसं त्याच पेटीत चालतात आणि लोक हरणाच्या हंगामाला तसेच निघतात. इथे तो प्रयोग करू नका. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार हा विषयच संपलेला आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकराबाबतही वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे कुणी कशासाठी नेताय विचारलं तर “शिकारी रायफल” असं गावाकडच्या बोलीने सांगू नका. परवान्याचं .३१५ बोअर शस्त्र, बदलीमुळे स्थलांतर, एवढंच बोला. ते खरंही आहे.

शेवटी एक विचारतो, रागावू नका. जयपूरच्या फ्लॅटमध्ये ती रायफल करणार काय? आजोबांची वस्तू जवळ असावी ही ओढ मला पूर्ण कळते, माझ्याही घरात अशी एक आहे. पण तिथे लोखंडी कपाट भिंतीत ठोकून घेता येणार नसेल, भाड्याचं घर असेल, लहान मुलं असतील, तर ती साताऱ्यातच परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत ठेवून पावती घ्या. कायद्यात त्याची सोय आहे, परवाना तुमच्याच नावावर राहतो, फक्त नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. कोरेगावच्या बंद घरात मात्र सोडू नका. चोरीला गेली तर जाब तुम्हाला द्यावा लागेल.

नेण्याचंच ठरलं तर जयपूरला पेटी बहुधा पट्ट्यावर येणार नाही, कर्मचारी ओळख पटवून हातात देईल. कुलपं शाबूत आहेत का ते त्याच्यासमोर बघा, पण पेटी तिथे उघडू नका. आज संध्याकाळी परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना बघा आणि काय लिहिलंय ते कळवा, पुढचा अर्ज कसा करायचा ते सांगतो.