वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरची माणसं, तैलरंगात

प्रश्न : गणपतीपुळ्याच्या फोटोवरून तैलरंगात किनारा रंगवतो आहे. वाळू, पाणी जमतं. माणसं मात्र वरून चिकटवल्यासारखी दिसतात, काही तर हवेत तरंगतात. कुठं चुकतं? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तरंगतात ती क्षितिजाची रेषा चुकल्यामुळं. सपाट वाळूवर उभं राहून पाहिलं, की आपल्याच उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजावरच येतात, मग तो दहा फुटांवर असो की दोनशे. लांबच्या माणसाचं डोकं तिथंच राहतं, पाय वर सरकतात. मुलांची डोकी अर्थातच रेषेखाली. किनारा उतरता असेल तर पाण्याजवळच्या मोठ्या माणसांचीही थोडी खाली घ्या.

चिकटवल्यासारखी दिसतात, कारण ती वाळलेल्या रंगावर शेवटी बसवलेली असतात. १२ बाय १६ इंचाच्या बोर्डावर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्यानं पुसून घ्या आणि वाळू द्या. मग आकाश, पाणी, वाळू असे तीनच पट्टे टाका. माणसं येणार तिथं रंग अगदी पातळ ठेवा. तो ओला असतानाच ६ नंबरच्या चपट्या, राठ केसांच्या ब्रशनं आधी सावलीची बाजू, मग उन्हाची. पाय खाली निमुळते होत जाणाऱ्या एकाच फटक्यात. डोकं सगळ्यात शेवटी, आणि लहान! माणूस दोन इंचांचा असेल तर डोकं पाव इंचाच्या जरासंच वर. हात इथं हटकून सैल सुटतो आणि डोक्याचा भोपळा होतो. नाक-डोळे काढूच नका. सावलीकडची कड वाळूत थोडी विरू द्या, उन्हाकडची धारदार ठेवा.

प्रश्न : लाल साडी रंगवली की उन्हात गुलाबी आणि सावलीत चिखल होतो. – एक वाचक, कागल

उत्तर : गुलाबी होते ती पांढऱ्यामुळं. लाल उजळायला पांढऱ्याआधी पिवळा हवा : कॅडमियम रेडमध्ये थोडा कॅडमियम यलो घालून नारिंगीकडं न्या, पांढरा फक्त पदराच्या सर्वांत चमकत्या कडेला. सावलीला अलिझरिन क्रिमझन (गडद किरमिजी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा), काळा नको.

चिखल होतो तो ब्रश न पुसल्यानं आणि एकाच जागी चार वेळा घासल्यानं. ओल्यावर ओलं लावायचं तर वरचा रंग खालच्यापेक्षा जाड हवा. ब्रश भरून घ्या, एकदा टेकवा, उचला, फडक्याला पुसा. फटका चुकलाच तर वर दुसरा चढवू नका, पॅलेट नाइफनं (रंग कालवायच्या सुरीनं) खरवडून पुन्हा लावा.

प्रश्न : ओल्या वाळूत सावली आणि प्रतिबिंब एकत्र कसं दाखवायचं? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : प्रतिबिंब नेहमी पायांखाली सरळ उभं उतरतं, सावली सूर्याच्या उलट दिशेला आडवी पडते. दोन्ही एकाच दिशेला ओढलीत की वाळू ओली वाटतच नाही. प्रतिबिंब मूळ रंगापेक्षा थोडं मळकं ठेवा, कोरड्या ब्रशनं खाली ओढा आणि त्यावरून एक हलका आडवा फटका मारा.

प्रश्न : फोटो पुरेत, की किनाऱ्यावर जायलाच हवं? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : जमेल तेव्हा आंबा घाट उतरून कोकणात जाच. फोटोत सावल्या काळ्या होतात. कोरड्या वाळूवर त्या निळसर-जांभळ्या असतात, कारण त्यांत आकाश उतरलेलं असतं. कोकणचा समुद्र पश्चिमेला, त्यामुळं सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि कपड्यांचे रंग खुलतात. संध्याकाळी तीच माणसं उजेडाविरुद्ध गडद दिसतात, कडेला फक्त सोनेरी रेघ. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८७० मध्ये फ्रान्समधल्या ट्रूव्हिलच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या एका चित्राच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत, इतकं ते जागेवरचं काम!

तोवर आपल्या कोल्हापूरचा रंकाळा तलाव आहेच. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी याच परिसरात निसर्गचित्रं केली. संध्याकाळी शहराकडच्या काठावर उभं राहा. सूर्य पाण्यापलीकडं उतरतो आणि फिरणारी माणसं कोकणातल्यासारखीच गडद दिसतात. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर एक माणूस, पाच फटके, दहा मिनिटं. पावसाळ्यात हे तुकडे वाळायला जास्त दिवस लागतात, एकावर एक ठेवू नका.