हिशेबाच्या कामात मन रमेनासे झाले, तर क्षेत्र बदलावे का?

आठ वर्षे सोलापुरात लेखापाल म्हणून काम केल्यावर आता त्यात गोडी उरली नाही, असे आपण लिहिले आहे. राजीनाम्यापूर्वी कंटाळा नेमका कशाचा आला आहे, हे तपासावे, असे मला मनापासून वाटते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेची जीएसटी विवरणपत्रे, मार्चअखेरची धावपळ आणि त्याच त्या नोंदी यांचा शीण आला असेल, तर आकड्यांशी वैर धरण्याचे कारण नाही.

आपल्या शहरात अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत चादरी व टेरी टॉवेल बनवणारे अनेक कारखाने आहेत. सुताचा भाव, रंगणीचा खर्च, यंत्रमागावरील मजुरी आणि वाया जाणारा माल यांचा मेळ घालून एका टॉवेलची खरी किंमत काढणे, किंवा निर्यातीची शिपिंग बिले, शुल्क परतावा आणि परदेशी ग्राहकाकडून येणारी वसुली सांभाळणे, ही कामे खतावणीपेक्षा फार निराळी आहेत. त्यांत माणसे भेटतात, माल हाताळता येतो आणि निर्णयात आपला वाटा असतो. (माझ्या मते आपल्या अनुभवाला सर्वाधिक मोल याच ठिकाणी आहे.)

मात्र आकडेच नकोसे झाले असतील, तर अध्यापन किंवा अन्य क्षेत्र जरूर निवडावे. परंतु सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून, आणि नोकरीत असतानाच सायंकाळी वा रविवारी ते काम प्रत्यक्ष करून पाहून.